सूचना : किनारी गावांची वादळपूर्व तयारी

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कोकणातील आपल्या गावांच्या वादळपूर्व तयारीविषयीची बैठक येत्या रविवारी सकाळी 10 वाजता मंडळाच्या सदाशिव पेठेतील कार्यालयात होईल. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरांवरचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि अनेक गावांत वीज व फोन कित्येक दिवस बंद राहिले. पोफळ धरायला पाच-सहा वर्षे लागत असल्याने ते नुकसान एका हंगामाचे नव्हते. म्हणून वादळानंतर पुण्याहून जुने कपडे पाठविण्यापेक्षा (ते बहुधा पडूनच राहतात) ताडपत्र्या, दोर, सौरदिवे आणि करवती मेच्या मध्यापूर्वीच गावात पोहोचाव्यात, असे कार्यकारिणीचे मत आहे. ज्यांची गावाकडील घरे बंद असतात, त्यांनी पत्र्यांचे हूक तपासून घ्यावेत, छपरावर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि घर पक्के असल्यास किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी, म्हणजे वाडीतील वृद्धांना वेळेवर आसरा मिळेल. खाडीकाठी जमीन असलेल्यांनी कांदळवनात (खारफुटीच्या झाडीत) भराव टाकू नये. लाटांचा जोर तेच कमी करते. येताना गावातील एका जबाबदार व्यक्तीचा संपर्क क्रमांक लिहून आणावा.

— कार्यवाह