बाबा, गाडी मी पुण्याला नेतेय (आई, तूही वाच)

प्रिय आई-बाबा,

आपल्या डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं, त्याबद्दल फोनवर बोलायला गेले की बाबा लगेच "जाऊदे, झालं ते झालं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. पूर्ण वाचा, आणि अर्ध्यावर चिडलात तरी पुढे वाचा.

आधी चांगली बातमी. काल गॅरेजवाल्यांशी बोलले, गाडीतला डिझेलचा पंप वाचलाय. टाकी उतरवून सगळं रिकामं केलं, लाइन धुतल्या, फिल्टर नवीन टाकला, इंजेक्टर काढून तपासले. फिल्टरमध्ये चुरा सापडला नाही. ते म्हणाले डिझेल मुळातच थोडं तेलकट असतं, हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला वंगण त्याचंच मिळतं. त्यात पेट्रोल मिसळलं की ते वंगण धुऊन जातं, लोखंडावर लोखंड घासतं आणि तो चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत जातो, मग खर्च लाखाच्या घरात. आपलं तसं झालं नाही कारण म्हसरूळच्या पुढे गाडीने ठकठक आवाज करून धक्के द्यायला सुरुवात केल्याबरोबर बाबांनी ती कडेला घेतली आणि परत सेल्फ मारला नाही. बहुतेक लोक अशा वेळी पाच-सहा वेळा सेल्फ मारतात आणि तिथेच वाट लागते म्हणे. बाबा, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नसेल म्हणून मी सांगतेय, गाडी तुमच्यामुळे वाचली.

आता जे मला चार दिवस झोपू देत नाहीये ते. तुम्ही पाठवलेला बिलाचा फोटो मी नीट बघितला, २००० चं पेट्रोल, सकाळी ८:४३. आणि माझ्या मोबाइलमध्ये तुम्हाला केलेला कॉल आहे ८:४१ चा, चार मिनिटांचा. म्हणजे पंपावरचा पोरगा "काय टाकू" विचारत होता तेव्हा तुमच्या कानाला मी होते, आणि बोलत काय होते तर सोसायटीच्या पार्किंगचं भांडण. ते संध्याकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही आईला किंवा मला एकदाही म्हणाला नाहीत की तुझा फोन होता म्हणून. बाबा, असं नका करत जाऊ.

आणि "पेट्रोल" तोंडात येणारच की. आधीची लाल गाडी एकोणीस वर्षं चालवलीत तुम्ही, एकोणीस वर्षं काच खाली करून तोच एक शब्द. २०१७ ला डिझेलचा हट्ट मी धरला, ॲव्हरेज चांगलं, मुंबईच्या चकरा आहेत म्हणून. तुम्ही तेव्हाच नको म्हणत होतात. त्यात पेट्रोलची नळी डिझेलच्या तोंडात आरामात बसते, त्यामुळे भरणाऱ्याला काही अडत नाही. हे तरण्या पोरांकडूनही होतं, वयाचा संबंध लावू नका, शेजारच्या काकांनी काहीही म्हणू देत.

तरीपण मी ठरवलंय. विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. ही गाडी मी पुण्याला आणतेय, आणि तुमच्यासाठी छोटी पेट्रोल ऑटोमॅटिक बुक केलीये. टोकन भरलंय. महिन्यातून दोनदा गंगापूर रोड आणि एकदा वणी एवढ्यासाठी आता डिझेल परवडतही नाही. क्लच नाही त्यामुळे तुमच्या डाव्या गुडघ्याला आराम, आणि आईला चढायला उतरायला उंची बरोबर आहे, मी स्वतः साडी नेसून बसून बघितलं. मागच्या सीटवर तिची उशी राहील, एसीचा झोत तिच्या अंगावर येत नाही. डिकीत आईची सगळी पिशवी-परडी मावते. किल्ली त्याच खिळ्यावर लावा.

गाडी तुमच्याकडून कोणी काढून घेत नाहीये. गोल्फ क्लब मैदानावर "क्लच हळू सोड, घाई नाही, मी आहे" म्हणत रविवारच्या रविवार तुम्ही शिकवलंत मला, आणि कसाऱ्याला मला मळमळलं की न बोलता गाडी थांबवून आवळासुपारी हातावर ठेवायचात. अजूनही घाट लागला की मी तुमचा हात शोधते. तुमच्या हाताला मी कशी नाही म्हणेन?

पण अंधार पडल्यावर नाही. आणि वणी, मुंबई, शिर्डी यातलं काही असेल तर ड्रायव्हर. आईच्या ओळखीतलाच आहे, सांगून ठेवलंय, एक दिवस आधी फोन करा. पैशाचं माझ्याकडे, त्यावर चर्चा नको. गॅरेजचं बिलही मी भरलंय, आपल्या पॉलिसीत ते बसलं नाही.

आई, आता तू. दीड तास उन्हात रस्त्याच्या कडेला, शुक्रवारचा उपास, शुगरची गोळी घेतलेली, आणि पिशवीत देवीचे पेढे असून एक तोंडात टाकला नाहीस. हात थरथरत होते असं बाबा म्हणाले तेव्हा मला रडू आलं गं. देवी रागावली नसती. यापुढे डॅशबोर्डमध्ये राजगिऱ्याचे लाडू आणि पाण्याची बाटली कायम, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊन उपास नाही. चिडू नकोस, पण हे मी दर शुक्रवारी विचारणार.

बाबा, पंपावर गाडीतून खाली उतरायचं, मीटरवर शून्य बघायचं, नळी आत जायच्या आधी नाव वाचायचं. आणि कधी चुकीचं पडलंच तर किल्लीच फिरवायची नाही, नुसती ऑन केली तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप चालू होतो. ढकलून बाजूला घ्यायची आणि गॅरेजला फोन.

रविवारी येतेय गाडी न्यायला. आई, जेवायला साधी खिचडी कर, बाकी घाट घालू नकोस. सिन्नरला पोचले की फोन करेन. पण तेव्हा तुम्ही गाडीत किंवा पंपावर असाल तर उचलू नका, मी पाच वेळा केला तरी.

तुमची,
मनू