जावाचं लायसन आणि भट्टीवरची माणसं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात कंप्युटर शिक्षणावर लेख आला, बरा होता, पण जावा शिका पायथन शिका (प्रोग्राम लिहायच्या भाषा ह्या) म्हणताना त्या भाषेची चावी कुणाकडं असते यावर एक ओळ नाही, म्हणून लिहितोय.

आमचं उद्यमबागेत छोटं फौंड्री युनिट, माणसं ४२. डिस्पॅचचं सॉफ्टवेअर जावातलं, एकाच पीसीवर चालतंय. सॉफ्टवेअरवाला येऊन म्हणाला, जावाचं लायसन घ्यायला लागतंय. जावा आता ज्या कंपनीकडं आहे त्या ऑरॅकलचा २०२३ पासूनचा हिशेब असा की जावा कोण वापरतंय ते बघायचं नाही, कंपनीत डोकी किती ते मोजायचं, आमच्यासारख्याला डोक्यामागं महिन्याला १५ डॉलर. म्हणजे भट्टीवरचा, मोल्डिंगवाला, गेटवरचे मामा, सगळे जावावाले! ६३० डॉलर झाले, महिन्याला पन्नास हजारांच्या वर. आमच्या अकौंटंटनी चष्माच काढून ठेवला.

मग भाच्यानं (इंजिनिअरिंगला आहे) ओपनजेडीके, म्हणजे जावाचंच खुलं रूप, टाकून दिलं, फुकट, एका दुपारचं काम. चलनावरची कन्नड अक्षरं जरा सरकली, दोन दिवसांत तेही नीट झालं. जावा मुळात बनवणाऱ्या सन कंपनीनं जावाचा कोड २००६-०७ लाच खुला केलेला, तो हा. आता त्या सॉफ्टवेअरवाल्याला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

२०१० ला ऑरॅकलनं सन विकत घेतली आणि अँड्रॉइडमधे जावातलं घेतलं म्हणून त्याच वर्षी गूगलला अमेरिकेत कोर्टात खेचलं. पेटंटचा मुद्दा २०१२ ला ज्युरीनं उडवला पण कॉपीराइटचं गुऱ्हाळ २०२१ पर्यंत, तेपण साडेअकरा हजार ओळींसाठी, ज्यात काम करणारा कोड नाहीच, नुसती नावं आणि त्यांना हाक कशी मारायची एवढंच. तिथल्या सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध २ नं गूगलचा वापर योग्य ठरवला खरा, पण असल्या ओळींवर कॉपीराइट लागतो का हे सांगायचं टाळलं. गूगलला अकरा वर्षं वकील पोसणं जमतं, आमच्या भाच्यानं उद्या काही बनवलं तर त्याला जमणार आहे का?

आपल्याकडं पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मुळं नुसत्या प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. २००४ च्या डिसेंबरात वटहुकूम काढून ते सैल करायचा घाट घातलेला, २००५ ला संसदेत तो भाग गळाला, नाहीतर कठीण होतं. भाषेवर हक्क कुणाचा, हे बेळगावकरांना वेगळं शिकवायला नको, पण ह्या भाषांचं कुणी बोलतच नाही.

भाच्याला म्हटलं, कॉलेजच्या लॅबमधे कुठलं जावा टाकलंय विचार. सर म्हणाले, ते परीक्षेला येत नाही.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव