अंधारातलं वाळवण

उप्साला, स्वीडन
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, तीन वाजायच्या आत दिवस मावळतो, तिथे जीव रमतो तरी कसा?" मी "रमतो गं" एवढंच म्हणाले. आज रविवार आहे, म्हणून नीट लिहायला बसले.

सूर्य सध्या नऊच्या जरासा आधी उगवतो आणि पावणेतीनपर्यंत गेलेलाही असतो. मधल्या वेळात तो झाडांच्या शेंड्यांवरून कडेकडेनेच सरकतो, डोक्यावर कधी येतच नाही. पहिल्या वर्षी मी हा अंधार नुसता सोसला. कामावरून यायचं, मोबाइल घेऊन पांघरुणात शिरायचं आणि मार्चची वाट बघायची. तुला तेव्हा कळू दिलं नाही. यंदा मात्र तसं झालं नाही.

सुरुवात अळंब्यांपासून झाली. खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई एकट्या राहतात. ऑक्टोबरात एका सकाळी त्या गमबूट घालून दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "टोपली घे, चल." इथे रान कुणाच्याही मालकीचं असो, त्यात हिंडायचा, अळंबी आणि रानफळं गोळा करायचा हक्क सगळ्यांना असतो. १९९४ पासून तो राज्यघटनेतही लिहिलेला आहे. फक्त कुणाला त्रास द्यायचा नाही, कशाची नासधूस करायची नाही आणि कुणाच्या घराला चिकटून जायचं नाही. आपल्याकडे कुणाच्या बागेतला एक आंबा उचलला तर काय होतं ते आठवून मी पहिल्यांदा घाबरतच आत शिरले.

स्प्रूसच्या झाडांखाली शेवाळाची गादी असते, पाय घोट्यापर्यंत आत जातो. अर्धा तास मला काही म्हणजे काही दिसलं नाही. बाई म्हणाल्या, "उभ्याने शोधू नकोस, खाली बस." बसले. एक दिसलं, त्याच्यामागे पाच दिसली, आणि मग तो सगळा उतारच अळंब्यांचा निघाला. या जातीला त्रात्कांतारेल म्हणतात. वर तपकिरी टोपी, खाली पिवळा पोकळ देठ, आणि टोपीच्या खालून देठावर उतरणाऱ्या फाटे फुटलेल्या शिरा. त्यांच्यातच कधीकधी एक विषारी तपकिरी जात उगवते, ती मूत्रपिंडं निकामी करते आणि लक्षणं दिसायला कित्येक दिवस लागतात. म्हणून बाई प्रत्येक अळंबं उलटून बघायच्या. मला आपली आजी आठवली. श्रावणात वारुळावरची अळंबी तीच ओळखायची, आणि एकीबद्दल जरी शंका आली तरी अख्खी टोपली परसात ओतून द्यायची. आम्ही रडायचो. त्या दिवशी मला तिचं म्हणणं पटलं.

घरी आणून ती आधी कोरड्या तव्यावर टाकायची. ती खूप पाणी सोडतात. ते आटलं की मगच लोणी आणि मीठ. उरलेली मी सुईदोऱ्यात ओवून हीटरवर टांगली. दोन दिवस घरभर रानाचा वास होता. अगं, माझं वाळवण होतं ते! गच्चीत कुरडया राखायला तू आम्हाला बसवायचीस, तशी मी रोज संध्याकाळी ती माळ फिरवून बघायचे. आता दोन बरण्या भरल्या आहेत, आणि बाहेर काळोख असला तरी फडताळ उघडलं की मला बरं वाटतं.

वसुबारसेला कंदील केला. कामट्या कुठून आणणार? फिरिस नदीच्या काठी वाऱ्याने पडलेल्या विलोच्या फांद्या आणल्या. ओल्या असताना त्या छान वाकतात. कागद म्हणून बटर पेपर, आणि बाबा करायचे तशी मैद्याची खळ. पहिला कंदील एका बाजूला कलला, तो उसवून पुन्हा बांधला. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत तो खिडकीत होता. उतरवला तेव्हा बाई म्हणाल्या, "काढलास कशाला? आता तर लावायचे दिवस येतायत." आणि खरंच, ३० नोव्हेंबरला, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी, समोरच्या सगळ्या इमारतींत कागदी तारे लागले, काही खिडक्यांत सात दिव्यांची त्रिकोणी समई. पडदेही फारसं कुणी ओढत नाही, म्हणजे आपला दिवा रस्त्यावरच्यालाही मिळतो. मी कंदील परत लावला. ताऱ्यांच्या रांगेत एकटाच षट्कोनी, पण अजिबात परका वाटत नाही.

काल संत लुसियाचा दिवस होता. इथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानत. पांढऱ्या झग्यातल्या मुली, पुढची डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली, गात गात अंधारातून येतात. आधी गाणं ऐकू येतं, मग उजेड दिसतो. मला आपली काकडआरती आठवली आणि घसा दाटून आला.

त्या दिवशी केशराचे पाव करतात. इथे केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत, पूड करून विकतात. बाईंनी आपली पुडी काढली, मी तू दिलेली डबी. तुझ्या पद्धतीने केशर जरा शेकलं, साखरेबरोबर खलात घोटलं, कोमट दुधात भिजवलं. त्या वाकून वास घेत राहिल्या. पिठात त्या क्वार्ग घालतात, पाव मऊ राहावेत म्हणून, आणि तो आपला चक्काच, आई! मी चमचाभर तसाच खाल्ला. मग कणकेच्या लांब वळकट्या करायच्या, दोन्ही टोकं उलट दिशेला गुंडाळायची आणि प्रत्येक गुंडाळीत एक बेदाणा. आम्ही चोवीस केले. थोडे तुला पाठवले असते, पण दुसऱ्याच दिवशी ते कोरडे पडतात.

आता मागणं. मंगळवारी संध्याकाळी मी विणकामाच्या वर्गाला जाते, हातमोजे शिकते आहे. दोन रंगांची नक्षी चौकटीच्या कागदावर मांडतात, एक चौकट म्हणजे एक टाका. पहिल्याच दिवशी वाटलं, ही तर ठिपक्यांची रांगोळी. तुझ्या निळ्या वहीत एकवीस ठिपक्यांचं एक चांदणीचं पान आहे, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेलं. हातमोज्याच्या पाठीवर माझे बरोबर एकवीस टाके येतात. त्याचा फोटो पाठव. मात्र नक्षी तुटक हवी, कारण मागचा धागा चार-पाच टाक्यांपेक्षा जास्त सुटा राहिला तर त्यात बोटं अडकतात. मध्ये कुठे ठिपके भरायचे ते तू पेन्सिलीने दाखव, वहीवरच दाखव, मला तुझ्या हाताचं हवं आहे.

पहिला जोड बाबांना. त्यांना सकाळी फिरायला जाताना चिपळूणच्या थंडीत ते जास्तच गरम होतील, तरी घालायला सांग.

तुझी लेक

ता. क. पार्सल करशील तेव्हा देवकापूस टाक. वाती संपत आल्या आहेत, आणि खालच्या बाईंना वळायला शिकवायच्या आहेत.