दोन जुन्या पाणबुड्या

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय संभा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "बांगलादेशानं चीनकडनं दोन जुनाट पाणबुड्या घेतल्या, त्याचं एवढं काय घेऊन बसलास?" तेवढ्यात फोन कट झाला. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

कोल्हापूरकरानं तरी असं विचारू नये, लेका. अठराव्या शतकात, करवीरच्या गादीच्या जिजाबाई राणीसाहेबांच्या काळात आपलं मालवणचं आरमार केवढंसं होतं! तरी ते ईस्ट इंडिया कंपनीला इतकं सलत होतं, की 1765 साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' नाव ठेवलं आणि पुढं पैसे मोजून घेऊनच परत दिला.

'नवजात्रा' आणि 'जयजात्रा' 2017 च्या मार्चमध्ये बांगलादेशी नौदलात दाखल झाल्या. 'मिंग' या चिनी वर्गाच्या, जुन्याच. पण पाणबुडीचा धाक ती दिसत नाही म्हणून असतो. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानच्या एकट्या 'हंगोर' पाणबुडीनं आपली 'खुकरी' युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्लांनी जहाज सोडलं नाही. चीनकडनं घ्यायच्या आठ नव्या पाणबुड्यांच्या वर्गाला पाकिस्ताननं तेच 'हंगोर' नाव दिलंय. मला ते वाचवलं नाही.

त्यात बंगालचा उपसागर पाणबुडीला धार्जिणा. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं, खाली खारं राहतं; त्या थरांत आवाज वाकतो आणि आवाजावरनं पाणबुडी हुडकणारं 'सोनार' यंत्र चकतं. म्हणजे एक पाणबुडी बंदराबाहेर पडली, की तिच्या मागावर जहाजं नि विमानं गुंतवून ठेवायची.

तरी माझी खरी काळजी दुसरीच आहे. पाणबुडी घेणारा देश सुटे भाग, बॅटऱ्या, प्रशिक्षण, गोदी या सगळ्यांसाठी पुढची कैक वर्षं विकणाऱ्याशी बांधला जातो. बांगलादेशातल्या पेकुआचा पाणबुडी तळही चीनच्याच मदतीनं झाला. थायलंडनं 2017 मध्ये चिनी पाणबुडी मागवली. जर्मनीनं इंजिन द्यायला नकार दिला, काम वर्षानुवर्षं रखडलं आणि अखेर चिनीच इंजिन पत्करावं लागलं. समुद्रातला तोल ढळतो तो असा, गोळी न झाडता.

म्हणून 2020 मध्ये आपण म्यानमारला 'सिंधुवीर' पाणबुडी दिली, ते मला पटलं. पुढच्याच वर्षी चीननंही त्यांना एक मिंग दिली, यावरनं समज. व्हिएतनामनं रशियाकडनं 'किलो' वर्गाच्या सहा पाणबुड्या घेतल्या, पण त्यांचे खलाशी शिकले आपल्या विशाखापट्टणमला. असं काम आपण फार थोडं करतो, याचंच मला वाईट वाटतं. ढाक्याशी संबंध कितीही ताणलेले असोत, त्यांच्या नौसैनिकांना आपल्याकडं शिकायला बोलावत राहिलं पाहिजे.

तुझं काय म्हणणं ते पत्रानंच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वास