अंगणवाडीच्या ताईंना शिकवू द्या

महोदय,

नातीला सोडायला मी रोज गावच्या अंगणवाडीत जातो. परवा ताई दारात एका बाईच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरून उभ्या होत्या. घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा जुळवायचा होता, रेंज नव्हती, तीनदा प्रयत्न फसला. आत पोरं भिंतीला टेकून बसलेली. 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपवर नोंद करायची राहिली तर जाब ताईंनाच विचारणार. त्या दिवशी गाणंही झालं नाही, गोष्टही नाही.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून पूर्वशालेय शिक्षण तिचाच भाग आहे. मात्र शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचाच. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पाया तिसऱ्या वर्षापासून धरला, पण तो घालणाऱ्या बाईला अजून पगार नाही, मानधन! ज्यांना परवडतं ते पोरांना इंग्रजी नर्सरीत घालतात आणि तिथे तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबली जाते.

हे आपल्या महाराष्ट्रात व्हावं, याचं फार वाईट वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला, शंख-शिंपले, बिया, पानं हाती देऊन मुलांना शिकवलं. अंगणवाडीची कल्पना तिथलीच.

नोंदींसाठी वेगळा माणूस नेमा. निदान सकाळचे दोन तास ताईंच्या हातात मोबाइल नको.

– एक आजोबा, जि. पालघर