कबरस्तानच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सप्रेम सलाम.

तोंडी आभार मानायला आले, तर तुम्ही "चहा घे अन् घरी जा, पोरी" म्हणून वाटेला लावलं. म्हणून हे उघडं पत्र. नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी त्या दिवशी फाटक अडवलं, त्यांच्याच कापूस वेचायच्या बायका आमच्या शेतात येतात नि आमच्या त्यांच्या शेतात जातात; कुणाला उघडं पाडायचं नाही. पण उन्हात उभं राहून तुम्ही जे बोललात, ते आमच्या भागातल्या ख्रिस्ती माणसांनी वाचावं असं फार वाटतं. "ख्रिश्चन म्हणजे सगळे एकच ना जी?" असं विचारणाऱ्या शेजाऱ्यांनीही वाचलं तर बरंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी आई कॅथलिक, बाबा तुमच्या प्रोटेस्टंट मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. बाबांना मिशनच्या जुन्या कबरस्तानात माती दिली आणि आईला त्यांच्याच शेजारी जायचं होतं. ती गेली मे महिन्यात. पारा 45 च्या वर, बर्फाची पेटी तालुक्याहून आणलेली, लाइटचा भरवसा नाही. अशात कबरस्तानच्या कमिटीतल्या एकांचा निरोप आला, की बाई कॅथलिक होती, कॅथलिक लोक ख्रिश्चनच नाहीत आणि जागा ख्रिश्चनांची आहे.

आईच्या हातात तेव्हा जपमाळ गुंडाळलेली होती. स्वस्तातली, प्लॅस्टिकच्या मण्यांची. एक मणी कधीतरी तुटला, तर तिनं त्या जागी ब्लाउजचं पांढरं बटण ओवलं होतं. त्या बटणाजवळ बोट आलं की ती थांबायची, कारण तिथं "आमच्या स्वर्गातील पित्या" यायचं. ही बाई ख्रिश्चन नाही, असं मला सांगत होते.

तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून गाडीवरून आलात आणि ना रडलात, ना ओरडलात. कमिटीवाल्यांना एवढंच विचारलंत, "बाईचा बाप्तिस्मा झाला होता का?" ते म्हणाले, "झाला असंल, पण कॅथलिकांचा. तो कसला बाप्तिस्मा?"

तुमची शाळेतली जुनी पद्धत मला तिथं आठवली. उत्तर द्यायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. "मार्टिन लूथर ख्रिश्चन होते का?" सगळे म्हणाले, हो, म्हणजे काय! प्रोटेस्टंट मंडळ्या ज्यांच्यापासून सुरू झाल्या तेच ते. मग तुम्ही सांगितलंत, की लूथर जन्मले 10 नोव्हेंबर 1483 ला, जर्मनीतल्या आइसलेबेन गावी. दुसऱ्याच दिवशी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो संत मार्टिनचा दिवस, म्हणून नाव मार्टिन. बाप्तिस्मा देणारा कॅथलिक धर्मगुरू, कारण त्या मुलखात दुसरं चर्च होतंच कुठं? आणि पुढं 1517 मध्ये विटेनबर्गला 95 मुद्दे मांडले, पोपशी उभा दावा मांडला, बहिष्कार ओढवून घेतला, तरी लूथरनी दुसरा बाप्तिस्मा घेतला नाही. त्यांच्यामागून आलेल्या प्रोटेस्टंट पुढारी कॅल्विननीही नाही. त्यांना तो पहिलाच खरा वाटत होता. "आता कॅथलिकांचा बाप्तिस्मा खोटा म्हणाल, तर लूथर बाप्तिस्म्याशिवाय मेले असं लिहून द्या. मी सही करतो."

कुणी लिहून दिलं नाही.

त्यातला एक पोरगा मोबाइलवर पाहून तयार होऊन आला होता. त्याचं म्हणणं, कॅथलिक चर्च येशूचं नाहीच, ते रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहानं काढलं. हे मी आजवर कितीतरी जणांकडून ऐकलं होतं, पण त्याचा पडताळा घेताना कुणाला पाहिलं नव्हतं. तुम्ही त्याला जवळ बोलावून पाणी दिलंत आणि सनावळ्या मांडायला बसलात. प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं ते साधारण इ.स. 57 च्या सुमारास, आणि तोवर पौल स्वतः रोमला गेलेलाही नव्हता. म्हणजे त्याच्या आधीच तिथं मंडळी उभी होती. 64 मध्ये रोम जळालं, तेव्हा नीरो बादशहानं आळ घातला तो याच लोकांवर. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ते लिहून गेला, आणि तो काही ख्रिस्ती नव्हता. पहिलं शतक संपता संपता रोमच्या मंडळीनं करिंथच्या मंडळीतलं भांडण मिटवायला पत्र धाडलं, ते आजही वाचायला मिळतं. 180 च्या आसपास इरेनियस नावाचा बिशप रोमच्या बिशपांची यादी देतो. कॉन्स्टंटाइनचा जन्मच तिसऱ्या शतकातला. त्यानं 313 मध्ये जोडीचा बादशहा लिसिनियसबरोबर मिळून ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला, जप्त जागा परत दिल्या. 325 ला निकेयाला बिशपांची परिषद बोलावली. तिथं रोमचे बिशप स्वतः गेलेही नाहीत, दोन प्रतिनिधी पाठवून मोकळे झाले. साम्राज्याचा धर्म म्हणून हुकूम निघाला तो 380 मध्ये, थिओडोसियस बादशहाच्या काळात. कॉन्स्टंटाइन तोवर कधीच मरून गेला होता.

"आणि निकेयात येशूबद्दल जे ठरलं," तुम्ही त्या पोराला म्हणालात, "त्यातलं काय काय तू मानत नाहीस ते सांग." येशू देवाचा पुत्र, पित्याशी एकाच तत्त्वाचा, आपल्यासाठी मनुष्य झाला, दुःख सोसलं, तिसऱ्या दिवशी उठला. तो सगळंच मानत होता. आईही तेच मानायची, दर रविवारी मिस्सात, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, म्हणायची.

हे ऐकून माझ्या भावाला जोर चढला. तो म्हणाला, म्हणजे आमचंच चर्च मूळ, तुम्ही तर परवाचे. गुरुजी, त्या वेळी तुम्ही त्याला जे झापलंत त्याबद्दलही आभार. तुम्ही त्याच सुरात त्याचा हिशेब घेतलात. येशूचा शिष्य पेत्र, ज्याला कॅथलिक पहिला पोप मानतात, रोमला गेला, तिथं मारला गेला, ही परंपरा जुनी आणि भक्कम. पण आज पोप म्हटलं की जे डोळ्यांपुढं येतं, ते पहिल्या दिवसापासून तसंच्या तसं होतं असं इतिहास सांगत नाही. रोममध्ये एकाच बिशपच्या हाती कारभार यायलाही वेळ लागला. पोप चुकू शकत नाही, हे सूत्र, तेही ठरावीक अटींवर, व्हॅटिकनच्या परिषदेनं मांडलं ते 1870 मध्ये. आणि 'मूळ आम्हीच' असं म्हणणारे तुम्ही एकटे थोडेच? 451 च्या काल्सेदोनच्या बिशप-परिषदेनंतर इजिप्तचे, आर्मेनियाचे, सिरियाचे वेगळे झाले. 1054 मध्ये कॉन्स्टंटिनोपल आणि रोमनं एकमेकांना बहिष्कृत केलं. ते सगळेही प्रेषितांपर्यंत आपली मुळं नेतात. भाऊ गप्प बसला. घरी तो कुणाच्या बापाला ऐकत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं.

मग तुम्ही वाटणीची गोष्ट काढलीत. भावाभावांत वाटणी झाली की सातबारा बदलतो, धुरे पडतात, कधी कोर्टकचेरीही होते. पण आडनाव कुणी कुणाचं काढून घेऊ शकत नाही. शेताच्या धुऱ्यावरून आयुष्यभर भांडलेली माणसं होती ती समोर. त्यांना हे पटकन कळलं.

मला मनापासून आवडलं ते हे, की "सगळं एकच आहे हो" असं म्हणून तुम्ही वेळ मारून नेली नाही. तसं म्हटलं असतं तर आमच्याकडच्यांनाही ते खोटं वाटलं असतं. मरिया, संत, मूर्ती, पापाची शिक्षा माफ करणारी पापक्षमापत्रं, मेल्यावर आत्मे शुद्ध होतात ते शुद्धिस्थान, मिस्सा, पोप, यांवर मतभेद खरेच आहेत आणि लूथरना राग आला त्याला कारण होतं, क्षमापत्रांचा बाजार मांडला गेला होता, हे तुम्ही आमच्या फादरसमोर स्पष्ट सांगितलंत. फादरनीही मान डोलावली आणि म्हणाले, आमच्या ट्रेंटच्या परिषदेला, 1545 ते 1563, त्यावर बसावंच लागलं. कॅथलिकांच्या बायबलात 73 पुस्तकं, तुमच्या 66. त्यावर कमिटीतले एक आजोबा म्हणाले, "सात जास्ती हाय तर कमी तर नाही ना वाचत!" त्या उन्हातही दोघं-तिघं हसले.

फादर बल्लारपूरहून आले होते. त्यांचं मराठी चांगलं, पण बोलण्यातला मल्याळी हेल लपत नाही. "तुम्ही रोमन" असं कुणी म्हणताच ते म्हणाले, मी कॅथलिक आहे, पण रोमची उपासना-पद्धत माझी नाही. आमच्याकडच्या बहुतेकांना हे ठाऊकच नसतं. नागपूरचा धर्मप्रांत 1887 चा, तिथं लॅटिन, म्हणजे रोमची, परंपरा चालते. आई लहानपणी तिथंच वाढली. पण चंद्रपूरकडचा चांद्याचा भाग 1962 मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे दिला गेला; ते चर्च पोपला मानतं, पण उपासना स्वतःच्या पद्धतीनं करतं. त्यांची परंपरा सांगते की संत थॉमस इ.स. 52 मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या प्रार्थना शतकानुशतकं सिरियाक भाषेतल्या. पोर्तुगीज आले, त्यांनी 1599 ला उदयमपेरूरच्या सभेत लॅटिन वळण लादलं. ते इतकं जाचलं की 1653 मध्ये मट्टनचेरीला लोकांनी क्रूसासमोर शपथ घेऊन त्या पाद्र्यांना झुगारलं. पुढं त्यातले पुष्कळ जण रोमशी पुन्हा जोडले गेले, काही वेगळेच राहिले. म्हणजे आमच्या बल्लारपूरच्या चर्चची मुळं शोधायला निघालं, तर रोमच्या आधी केरळ लागतं. कॉन्स्टंटाइनवाल्या पोरानं मोबाइल खिशात ठेवला तो इथं.

आणि तुमच्या मंडळींचं मूळही तुम्ही लपवलं नाही. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, मागाहून वऱ्हाडात आणखी मिशनं आली, प्रत्येकाचं घराणं वेगळं. "या वेगवेगळ्या घराण्यांतल्या सहा मंडळ्यांनी आपले झगडे बाजूला ठेवून 29 नोव्हेंबर 1970 ला एक चर्च केलं, उत्तर भारतीय चर्च, तेही आपल्या नागपुरात," तुम्ही म्हणालात, "आणि आपण इथं सहा फुटांच्या जागेवरून भांडतो आहोत."

गुरुजी, कुंपण दोन्ही बाजूंनी होतं, हे मला माहीत आहे. आई-बाबांच्या लग्नाला बिशपांची परवानगी काढावी लागली होती. आजोळच्या एका म्हाताऱ्या मावशीनं तर "पोरगी प्रोटेस्टंटात दिली" म्हणून आईशी कितीतरी वर्षं बोलणं टाकलं होतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये सांगितलं, की ख्रिस्तावर विश्वास ठेवून रीतसर बाप्तिस्मा घेतलेले इतर मंडळ्यांतले लोकही आपले बंधू आहेत, जरी ऐक्य अजून पूर्ण नसलं तरी. ते कागदावर आलं. आमच्या मावशीपर्यंत पोचलं नाही. 1999 मध्ये तर लूथरन आणि कॅथलिक यांनी ऑग्सबर्गला ज्या मुद्द्यावरून सगळं फाटलं, त्या विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर एक संयुक्त जाहीरनामा केला. तोही खेड्यापर्यंत कुणी आणला नाही. आमच्याकडं येतात ते व्हिडिओ.

फाटक उघडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फादरनी त्यांच्या प्रार्थना म्हटल्या, तुमच्या पाळकसाहेबांनी स्तोत्र 23 वाचलं. दोघांनी आधी काही ठरवलं नव्हतं, कोण कुठं थांबणार हेही नाही. जरा अडखळत झालं, पण झालं. कमिटीतल्या ज्यांनी निरोप पाठवला होता त्यांनीही तीन मुठी माती टाकली. ते त्यानंतर घरी आले नाहीत, मीही गेले नाही. बाजारात दिसले की "सलाम" होतो, तेवढं पुरेसं आहे सध्या.

तुमच्याकडून मला आणखी एक मिळालं, ते इथं लिहून ठेवते. शाळेतल्या पोरी मला विचारतात, "बाई, तुम्ही कोणत्या ख्रिश्चन?" पूर्वी मी विषय टाळायची. आता फळ्यावर एक रेघ ओढते, तिच्यावर 451, 1054, 1517 अशा फांद्या काढते आणि केरळची रेघ वेगळी सुरुवातीपासून ओढते. पोरींना ती केरळची रेघ फार आवडते. समुद्रातून आलेली असल्यामुळं असेल.

आता एक काम आहे. आईच्या कबरीवर दगड बसवायचा आहे. कमिटीची परवानगी अर्जावर लागते आणि अर्जात "मंडळी" असा एक रकाना आहे. त्यात मी "कॅथलिक" लिहिणार आहे. तो अर्ज तुमच्या हातून गेला तर बरं होईल.

आणि 2 नोव्हेंबरला आमच्याकडं सर्व मृतांचा दिवस असतो. फादर येतील, आई-बाबांच्या दोघांच्याही कबरीवर प्रार्थना होईल. तुम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही हे मला माहीत आहे, त्यावर पुन्हा वाद घालायचा असेल तर फादर तयार आहेत. नाहीतर प्रार्थना आटोपल्यावर या. भाकरी, पिठलं आणि ठेचा असेल, चहा आमच्याकडचा.

तुमची विद्यार्थिनी