बॅगेतून तशाच परत आलेल्या वस्तू

प्रिय अनघा,

तुझं पत्र मिळालं. हॉलमध्ये उघड्या बॅगा, कपाटं ओसंडलेली, उशाशी अर्धवट वाचलेल्या पुस्तकांची चळत, आणि यातलं आधी काय हातात घेऊ, हा तुझा प्रश्न. लांबच्या प्रवासानंतर बहुतेक घरं अशीच दिसतात, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. सुरुवात बॅगेपासूनच कर, पण ती घाईघाईने रिकामी करू नकोस.

कपडे काढताना दोन ढीग कर. एक अंगावर चढलेल्यांचा, दुसरा घडीसुद्धा न मोडलेल्यांचा. कपड्यांपुरतं थांबू नकोस. चपला, बाटल्या, वायरी, पुस्तकं, सगळ्याला हाच न्याय लाव. जे जसं गेलं तसंच परत आलं, त्याची कागदावर यादी कर आणि प्रत्येक नावापुढे एकदोन शब्दांत कारण लिही: अडीनडीसाठी, हवामान, टोचतो, दुसरा होता म्हणून. औषधं, टॉर्च, रेनकोट अडीनडीचे. ते वापरावे लागले नाहीत हे बरंच झालं, त्यांना हात लावू नकोस. खरी मेख ‘दुसरा होता म्हणून’ या शेऱ्यात आहे. तो जिथे जिथे येईल तिथे घरातही तीच वस्तू गरजेपेक्षा जास्त असते, हे जवळजवळ धरूनच चाल. कपाटासमोर उभं राहून ‘हे मी वापरते का?’ असं विचारलं की मन हमखास हो म्हणतं. बॅगेला असली भीड नसते. मात्र या यादीवरून पातेली, पांघरुणं किंवा समारंभाचे कपडे काढायला जाऊ नकोस. प्रवासात त्यांची वेळच येत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

बॅग पलंगावर उघडू नकोस. बाथरूमच्या किंवा बाल्कनीच्या फरशीवर उघड. मुक्कामाच्या ठिकाणाहून ढेकूण आले असतील तर ते चेनच्या कडेला आणि अस्तराच्या शिवणीत लपतात. तिथे बारीक काळे ठिपके दिसतात. बॅग नुसती उन्हात ठेवून भागत नाही. बाहेरचं कापड तापतं, पण शिवणीच्या आत पुरेशी उष्णता पोचत नाही आणि कीड आतल्या आत सरकते. शंका असेल तर जे कपडे सोसतील ते ६० अंशांच्या पाण्यात धू. ड्रायर असेल तर त्यात सगळ्यात गरम सेटिंगवर अर्धा तास फिरव. धुता न येणाऱ्या वस्तू घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेव. मग बॅगेला कडेकडेने व्हॅक्यूम, आणि एक दिवसभर चेन उघडी. ओलसर बॅग बंद करून माळ्यावर टाकली की पुढच्या प्रवासाला कुबट वासच सोबत नेशील. चाकं अडखळत असतील तर आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. लहान टोकदार कात्रीने ते काप आणि चिमट्याने ओढून काढ; बहुतेक वेळा चाक बदलावं लागत नाही.

पॉवर बँक पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नकोस. निम्मी भरलेली ठेव आणि तीन-चार महिन्यांनी एकदा पाहा. टॉर्चमधले सेल आजच काढ. पडून राहिलेले अल्कलाइन सेल पाझरतात आणि आतल्या पट्ट्यांवर पांढरी पूड धरते. ती क्षारधर्मी असते. हातमोजा घाल, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पूस आणि नीट कोरडं कर. पाण्याने धुवायच्या फंदात पडू नकोस.

पावत्यांचं एक लक्षात ठेव. बिलं आणि बोर्डिंग पास बहुधा उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेले असतात. उजेड आणि ऊब लागली की अक्षरं उडतात, आणि मऊ प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये तर लवकरच, कारण त्या प्लॅस्टिकमधली द्रव्यं थराला लागतात. म्हणजे जपून ठेवलेलीच पावती आधी कोरी होते. वॉरंटीची असेल तिचा आजच फोटो काढ किंवा साध्या कागदावर झेरॉक्स घे. बाकीच्या टाकून दे.

आता घराकडे. खोकी, डबे, कप्पे आणायला बाजारात धावू नकोस. आवराआवर करणाऱ्या निम्म्या लोकांचं गाडं इथेच अडतं. आधी काय उरतं ते दिसू दे, मग त्याच्या मापाचं खोकं. आणि खोलीवार न जाता प्रकारवार जा. कात्र्या चार खोल्यांत एकेक असल्या तर एकही जास्तीची वाटत नाही, सगळ्या एका टेबलावर आल्या की उजेड पडतो. कागदपत्रं आणि फोटो शेवटी ठेव. त्यांना सुरुवातीला हात लावलास तर दुपार तिथेच सरते. घरातल्या दुसऱ्यांच्या वस्तू तर मुळीच काढू नकोस. त्यातून फक्त भांडणं निघतात.

‘बघू’ म्हणून बाजूला पडणाऱ्या वस्तूंचं एकच खोकं कर. झाकणावर आजपासून सहा महिन्यांनंतरची तारीख लिही आणि चिकटपट्टी लाव. तोवर पट्टी फोडावी लागली नाही तर आत न डोकावता ते बाहेर जाऊ दे. कागदपत्रं, किल्ल्या किंवा दागिना मात्र त्या खोक्यात चुकूनही नको.

वायरी आणि चार्जरांचा खण तुझ्याकडेही असणार. प्रत्येक ॲडाप्टरवर बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. गोल पिनेच्या जुन्या ॲडाप्टरांच्या बाबतीत व्होल्ट उपकरणाशी तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपियर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी असले तर ॲडाप्टर तापतो. शेजारी वर्तुळाची छोटी आकृती असते, त्यावरून मधली पिन धन की ऋण ते कळतं. पिन बसते म्हणून लावून पाहिलं आणि ध्रुव उलटे निघाले, की उपकरण कायमचं जाऊ शकतं. ज्याचं उपकरणच घरात नाही तो ॲडाप्टर ई-कचऱ्यात. उरलेल्यांना कागदी पट्टी गुंडाळून उपकरणाचं नाव लिही. जुना फोन देण्याआधी त्यातलं खातं साइन आउट कर आणि मग रीसेट. क्रम उलटा झाला तर नव्या माणसाला फोन कुलूपबंद मिळू शकतो. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नकोस, दाबू नकोस, टोचू नकोस. ती वेगळी ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे तशीच पोचती कर.

‘चांगले आहेत, ठेवून देऊ’ म्हणून खोक्यात ठेवलेले बूट जरा वाकवून पाहा. पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतून विघटत जातो. काही वर्षांत तो न वापरताही चुरा होतो, बंद दमट खोक्यात तर लवकरच. जुन्या रेनकोटच्या आतला चिकट थरही त्यातलाच प्रकार. ठेवणं म्हणजे टिकवणं, हा आपला समज अशा वस्तूंच्या बाबतीत साफ चुकीचा आहे.

पुस्तकांचं तू सगळ्यात कळवळून लिहिलंयस, म्हणून जरा सविस्तर. ग्रंथालयं पुस्तकं बाद करतात आणि त्याला निर्लेखन म्हणतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९७६ साली छोट्या ग्रंथालयांसाठी यासाठीची ‘क्र्यू’ नावाची पद्धत आली. तिच्यात विषयवार दोन आकडे पाहतात: पुस्तक छापून किती वर्षं झाली आणि ते शेवटचं वाचायला गेलं त्याला किती. वर काही कसोट्या: मजकूर दिशाभूल करणारा आहे का, प्रत खराब झालीय का, नवी आवृत्ती आलीय का, उथळ आहे का, आपल्या वाचकाच्या उपयोगाचा उरलाय का, आणि दुसरीकडे सहज मिळेल का. संगणक, कायदा, आरोग्य, प्रवासाची मार्गदर्शकं यांना पहिला आकडा लाव. ती लवकर शिळी होतात. कथा-कवितांना तो लावायचाच नाही. घरासाठी मला शेवटची कसोटी सगळ्यात कामाची वाटते. जे ग्रंथालयात दोन दिवसांत मिळतं ते तुझ्या फळीवर असायलाच हवं असं नाही. जे आता छापलंच जात नाही, किंवा ज्याच्या समासात तुझ्या खुणा आहेत, ते फाटकं असलं तरी राहू दे.

उशाशी असलेल्या चळतीला हा नियम नको, तिला दुसरा. नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंचा साधा हिशेब आहे: पन्नाशीपर्यंत कुठल्याही पुस्तकाला ५० पानं द्यायची, त्यानंतर १०० मधून वय वजा करून येतील तितकी. तेवढ्यात धरलं नाही तर सोड. प्रवासात अर्धवट राहिलेलं पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेऊ नकोस, त्यानेच ते पुन्हा अडतं. झालेल्या प्रत्येक प्रकरणाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाच, मग खुणेच्या आधीची दहा पानं, आणि पुढे चालू लाग. पुढच्या वेळेसाठी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने पानाचा आकडा आणि दोन शब्द लिहीत जा. वाचून झालं की तीच तुझी सूची. कादंबरी एका वेळी एकच ठेव. सोबत लेखांचं किंवा कवितांचं एखादं असू दे, कारण ते कुठेही सोडता आणि धरता येतं.

राहिलेल्या पुस्तकांची फळी भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे घे, म्हणजे मागून हवा खेळेल. बाहेरच्या भिंतीला तर चिकटवूच नकोस. १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डची फळी ७५-८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की पुस्तकांच्या वजनाने मधे वाकते. तिथे खालून आधार लाव. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहू लागली की बुरशी धरते. कसरीलाही तोच दमटपणा लागतो. बांधणीतली खळ आणि कागद हे तिचं खाणं. कसर लागलेलं पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. २४ तास तशीच राहू दे, नाहीतर गार पानांवर दव धरतं आणि कसर मरून बुरशी येते. दमटपणा कमी केला नाहीस तर एवढं करूनही ती परत येईल, हेही सांगून ठेवते. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. पुस्तकात ठेवलेली वर्तमानपत्राची कात्रणंही काढ, त्यांचा तांबूस डाग समोरच्या पानावर उमटतो.

द्यायची पुस्तकं भरताना खोकं लहान घे. ३० बाय २५ बाय २५ सेंटिमीटरचं भरलं की साधारण १३-१४ किलो होतं, एकटीला उचलता येतं. मोठी खाली, आडवी ठेव किंवा कणा खाली करून. उघडी कड खाली असली तर पानांचा गठ्ठा स्वतःच्या भाराने कण्यातून सुटतो. भरण्याआधी प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटक, आत काय काय निघतं ते पाहा. आणि ग्रंथालयाला आधी विचारून मगच खोकी ने. सगळीच ग्रंथालयं सगळं घेत नाहीत; जुनी पाठ्यपुस्तकं आणि अपुरे संच तर बहुतेकजण परतच पाठवतात.

दुसऱ्या ढिगाची यादी झाली की मला पाठव. ‘दुसरा होता म्हणून’वाल्या ओळी अधोरेखित करून.

तुझी,
शुभदा